गाण्याचा दिवस: मालिकोर्नच्या ‘आल्माना’विषयी

१९७६ साली फ्रान्समध्ये ‘आल्माना’ नावाची एक तबकडी निघाली. मालिकोर्न या चौघांच्या संचाची ती तिसरी तबकडी. तीत जुनी लोकगीतं आहेत, इलेक्ट्रिक गिटार आहे, चाक फिरवून वाजवायची व्हिएल आहे, सोळाव्या शतकातलं वाकड्या टोकाचं क्रमॉर्न आहे आणि गाण्यांची मांडणी वर्षाच्या महिन्यांना धरून केलेली आहे. रॉकच्या इतिहासात तिची नोंद ‘प्रोग्रेसिव्ह फोक रॉक’ या सदरात होते. नोंद बरोबरच आहे, पण तेवढ्यानं ऐकणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. जुनं आणि नवं एकत्र आणणाऱ्या तबकड्या त्या दशकात युरोपभर निघत होत्या आणि त्यांतल्या कित्येकींत जुनं हे सजावटीपुरतंच असे. ‘आल्माना’नं वेगळाच प्रश्न हाती घेतला. ज्या कामासाठी गाणं होतं ते काम संपलं, ज्या दिवशी ते गायचं तो दिवस लोक विसरले, तर ते गाणं आता राहणार कुठे? पुढच्या पानांत एकेका गाण्याचा आशय मराठीत दिला आहे. त्याआधी हा प्रश्न कुठून आला आणि या चौघांनी त्याला सुरांत काय उत्तर दिलं, ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

‘आल्माना’ म्हणजे पंचांग. फ्रेंच शेतकऱ्याचं पंचांग नुसत्या तारखांचं नव्हतं. संतांचे दिवस, चंद्राच्या कला, जत्रा, पेरणीच्या वेळा, आरोग्याचे सल्ले असं सगळं त्यात असे. १४९०च्या दशकात गी मार्शाँ या छापखानदारानं पॅरिसमध्ये ‘मेंढपाळांचं कॅलेंडर’ छापलं आणि त्याच्या आवृत्त्या पुढे शतकानुशतकं निघत राहिल्या. सतराव्या शतकापासून त्र्वा शहरातले छापखाने निळसर कागदाच्या वेष्टनात स्वस्त पुस्तकं काढू लागले. फेरीवाले ती पाठीवरच्या पेटीत घालून खेडोपाडी विकत. संतांची चरित्रं, शूरांच्या कहाण्या, गाणी आणि पंचांगं एकाच पेटीतून येत.

खेड्यातली गाणी पंचांगातल्या या वर्षाला बांधलेली होती. नव्या वर्षाच्या सुमारास तरुणांची टोळी दारोदार जाऊन घरच्या मंडळींना गाण्यातून शुभेच्छा देई आणि बदल्यात अंडी, मांस, चार नाणी मागे. इस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लग्नं लागत नसत, म्हणून त्याआधीच्या आठवड्यांत लग्नांची घाई असे आणि लग्नाची गाणीही तेव्हाचीच. मे महिन्यात गावातले तरुण मुलींच्या दारापुढे हिरवी फांदी किंवा झाड रोवत. लग्न करायला मात्र मे अशुभ मानला जाई. २४ जूनला संत जाँचा सण येई. त्या रात्री शेकोट्या पेटत, तरुण-तरुणी ज्वाळांवरून उड्या मारत, औषधी वनस्पती खुडल्या जात. अनेक प्रांतांत याच दिवशी शेतगड्यांची वर्षाची बोलीही संपे. गडी आणि मोलकरणी जत्रेत उभ्या राहत, नवा धनी ठरे आणि वर्षभर एकाच वाड्यात राबलेली माणसं वेगवेगळ्या वाटांना लागत. हे ठाऊक असलं की संत जाँच्या गाण्यांत नाच आणि ताटातूट इतकी जवळ-जवळ का येतात ते कळतं. प्रेमिकांच्या विरहामागे तिथे मजुरीचा करार असतो.

हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी एका घरच्या चुलीभोवती जमत. सूत कातणं, अक्रोड फोडणं अशी हातांची कामं चालू असत आणि तोंडानं लांबच लांब कथागीतं. खून, शाप, परतून आलेला सैनिक, नवऱ्याच्या घरी कोंडलेली बाई. त्या रात्री घाई कुणालाच नसे, म्हणून ही गीतंही घाईची नव्हती. तीस-तीस कडवी, एकच चाल, पुष्कळदा धृपदही नाही.

एकोणिसाव्या शतकात सुशिक्षितांचं लक्ष या गाण्यांकडे गेलं. १८३९ मध्ये ला व्हिलमार्के यांनी ब्रेतान्य प्रांताच्या ब्रेतों भाषेतल्या गाण्यांचं ‘बारझाझ ब्रेझ’ प्रसिद्ध केलं. त्यात खरं किती आणि संपादकाच्या हातचं किती यावर पुढे मोठा वाद झाला. कवी जेरार द नेर्व्हालनं आपल्या लहानपणच्या व्हालुआ प्रांतातल्या गाण्यांवर हळवेपणानं लिहिलं. १८५२ मध्ये शिक्षणमंत्री इपोलित फोर्तूल यांच्या पुढाकारानं देशभरची लोककाव्यं गोळा करण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि कसं गोळा करायचं याच्या सूचना जाँ-जाक आंपेर यांनी लिहून दिल्या. शाळामास्तर, पाद्री, गावोगावचे विद्वान कामाला लागले. ठरलेला ग्रंथ छापला गेला नाही. हस्तलिखितांचे सहा जाडजूड खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन पडले. नंतरच्या पिढीत निव्हेर्ने प्रांतात आशिल मिलियँ या कवीनं गावोगाव फिरून शब्द टिपले आणि त्याच्या जोडीला असलेल्या पेनाव्हेर या संगीतकारानं चाली टिपल्या. या जोडीचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण शब्द आणि सूर दोन्ही महत्त्वाचे हे त्यांनी ओळखलं होतं.

तरीही कागदावर उतरताना गाण्याचं काहीतरी सुटतंच. गाणाऱ्या बाईच्या हातात त्या वेळी काय होतं, बाहेर कुठला ऋतू होता, गाण्यात मध्येच कोण हसलं, हे स्वरलिपीत येत नाही. मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको, कारण हेच काम आपल्याकडे झालं आहे आणि त्यात एका फ्रेंच माणसाचा मोठा वाटा आहे. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले आणि पुढे भारतीय नागरिक झालेले गी प्वातव्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्या स्त्रियांना सोबत घेऊन महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बेर्नार बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकानं त्यांतल्या पुष्कळ ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि पहाटेच्या दळणासोबत ओवीची वेळही गेली. ‘आल्माना’मागची अडचण नेमकी हीच आहे. गाणं वाचवलं तरी त्याचा दिवस वाचवता येत नाही.

फ्रान्समध्ये १९६०च्या दशकाअखेर तरुण पिढी पुन्हा या गाण्यांकडे वळली तेव्हा वाटेत आणखी एक अडथळा होता. १९४० ते १९४४ या काळात, जर्मन वर्चस्वाखालच्या व्हिशी राजवटीनं लोककलांना राजाश्रय दिला होता. मातीकडे परत जा, कुटुंब जपा, आज्ञा पाळा, हा त्या राजवटीचा संदेश होता आणि रंगीत पोशाखातले लोकनृत्याचे ताफे त्याच्या प्रचारात उभे केले गेले. त्यामुळे युद्धानंतरच्या डाव्या विचारांच्या तरुणाला ‘लोकगीत’ म्हटलं की संशय येई. लोकसंगीत पुन्हा आपलंसं करायला या तरुणांना अमेरिकेचा फेरा घालावा लागला. पॅरिसच्या अमेरिकन सेंटरमध्ये गिटार आणि बँजोच्या मैफिली भरत. तिथे अमेरिकन गाणी गाता-गाता काहींना प्रश्न पडला की आपल्या आज्यांची गाणी काय झाली? १९६९ मध्ये ‘ल बुर्दों’ हा फोक क्लब निघाला. मे १९६८च्या उठावातून आलेली मुलं टेपरेकॉर्डर घेऊन बेरी, ओव्हेर्न्य, प्वातू अशा प्रांतांतल्या म्हाताऱ्या वादकांकडे जाऊ लागली. लार्झाकच्या पठारावर लष्करी तळाच्या विस्ताराविरुद्ध मेंढपाळांचं आंदोलन १९७१ पासून दहा वर्षं चाललं. अशा ठिकाणी या संगीताला नवा श्रोता मिळाला आणि ‘लोक’ या शब्दाला चिकटलेला व्हिशीचा डाग पुसट होत गेला.

मोठा धक्का दिला ब्रेतान्यच्या आलाँ स्तिव्हेलनं. २८ फेब्रुवारी १९७२ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात त्यानं केल्टिक हार्प, बोंबार्ड हे सनईसारखं वाद्य आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्या साथीनं ब्रेतों गाणी गायली. रेडिओवरून ती मैफल देशभर थेट ऐकवली गेली. ज्या भाषेत बोलल्याबद्दल शाळेत शिक्षा होत असे, ती भाषा राजधानीच्या सर्वांत नावाजलेल्या रंगमंचावर गर्जत होती. त्या रात्री स्तिव्हेलच्या साथीला गाब्रिएल याकूब नावाचा वीस वर्षांचा तरुण होता. तो गिटार, बँजो आणि डल्सिमर वाजवत होता.

याकूबचा जन्म १९५२ चा, पॅरिसचा. स्तिव्हेलकडे ब्रेतान्य होतं, भाषेचा लढा होता. ऑक्सितानी, बास्क आणि कॉर्सिकन गायकांकडेही असाच आपापला लढा होता. फ्रेंच भाषेतल्या लोकगीतांच्या मागे मात्र कुणी उभं नव्हतं. सत्तेची भाषा फ्रेंचच होती, तिला वाचवायची गरज कुणाला वाटणार? पण निव्हेर्नेतल्या शेतमजूर बाईचं फ्रेंच आणि मंत्रालयातलं फ्रेंच एक नव्हतं, आणि त्या बाईची गाणी ब्रेतों गाण्यांइतकीच वेगानं नाहीशी होत होती. याकूबनं ही रिकामी जागा ओळखली, आणि त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय मी यालाच मानतो. १९७३ मध्ये त्यानं पत्नी मारी हिच्यासह ‘पिएर द ग्रनोब्ल’ ही तबकडी काढली. त्यानंतर ह्यूग द कुर्सों आणि लोराँ व्हेरकाँब्र येऊन मिळाले आणि मालिकोर्न तयार झालं. नाव घेतलं ते सार्त नदीकाठच्या, मातीच्या रंगीत भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका छोट्या गावाचं.

या चौघांची घडण एकमेकांपासून अगदी निराळी होती. याकूब लोकसंगीतातून आला. व्हेरकाँब्रचा हात व्हायोलिनवर तयार झालेला. पुढे ‘ल क्वातुओर’ या विनोदी तंतुवाद्य-चौकडीतून त्यानं फ्रेंच रंगभूमीवर मोठं नाव केलं. मारीचा आवाज उंच, स्वच्छ आणि निर्विकार. द कुर्सोंनं तर मुळात लोकप्रिय गाणी रचली होती. १९६८ मध्ये फ्रांस्वाझ आर्दीनं गायलेल्या एका गाण्याला त्याचं संगीत होतं आणि शब्द होते त्याचा तरुणपणचा मित्र पात्रिक मोदियानो याचे. तोच मोदियानो पुढे, २०१४ मध्ये, साहित्याच्या नोबेलचा मानकरी ठरला. संचातला हा चौथा माणूस स्टुडिओची ताकद जाणणारा होता, आणि ‘आल्माना’ ऐकताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वाद्यांची यादी पाहिली तर गोंधळायला होतं. व्हिएलमध्ये एक लाकडी चाक तारांवर सतत घासतं. डाव्या हाताच्या पट्ट्या चाल वाजवतात आणि बाजूच्या तारा एकाच सुरावर गुंजत राहतात. मनगटाचा झटका दिला की ‘कुत्रा’ नावाची सुटी घोडी थरथरते आणि कर्कश ताल उमटतो. बेरी आणि बुर्बोने हे या वाद्याचे प्रांत. व्होज पर्वतराजीतली लांब पेटीसारखी एपिनेत आहे. तिच्याशी नातं सांगणारा अमेरिकन डल्सिमर आहे, आणि तोही विजेवर चालणारा. ग्रीक बुझुकी आहे, चेलो आहे, क्रमॉर्न आहे. या चौघांत ड्रमवादक मात्र नव्हता. रॉक म्हणवणाऱ्या संगीतात ही उणीव वाटायला हवी. इथे तिचा फायदा होतो, कारण ताल तारांमधून येतो आणि कडव्याच्या शब्दांना दाबत नाही.

कुठल्याही फ्रेंच खेड्यात ही वाद्यं एकत्र वाजली असतील असं कुणी म्हणणार नाही. शुद्धतेचे कैवारी तेव्हाही या मिश्रणावर नाराज होते. बेरीचं गाणं बेरीच्या वाद्यावर, तिथल्याच ढंगानं वाजवा, म्हाताऱ्या वादकांकडून नीट शिका, असा त्यांचा आग्रह. त्या आग्रहाचं मोल मी कमी मानत नाही. त्याच १९७६ साली लेखिका जॉर्ज सांदच्या गावाजवळ, सँ-शार्तिए इथे, व्हिएल आणि मशकवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांचा मेळा सुरू झाला, आणि आज ही वाद्यं उत्तम वाजवणारे तरुण फ्रान्समध्ये आहेत यात अशा आग्रही लोकांचा मोठा वाटा आहे. पण मालिकोर्न वेगळं काम करत होतं. त्यांच्या हाती आलेली पुष्कळ गाणी संग्रहांच्या पानांतली होती. शब्द होते, चालीचा सांगाडा होता, ढंग मात्र कुणाच्याच गळ्यात उरला नव्हता. तिथे अस्सलपणाचा आव आणणं खोटं ठरलं असतं. म्हणून त्यांनी जागा उघडपणे नव्यानं बांधली.

बांधली ती टेपवर. चार माणसं एका वेळी एवढी वाद्यं वाजवू शकत नाहीत. एक थर मुद्रित करायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा, अशा बहुपदरी मुद्रणामुळेच हा नाद शक्य झाला. ‘आल्माना’त आधुनिक काय आहे असं विचारलं तर बहुतेक जण इलेक्ट्रिक गिटारकडे बोट दाखवतील. मी टेपकडे दाखवेन. चारच गळ्यांचा समूहस्वर देवळातल्या गायकवृंदाएवढा विशाल होतो, सॉल्टरी हे मध्ययुगीन तंतुवाद्य कानाशी येऊन वाजतं, दूर कुठेतरी व्हिएल घुमते आणि ही सगळी अंतरं ठरवून आखलेली असतात. चुलीभोवतीची रात्र परत आणता येत नव्हती. तिच्या जागी या चौघांनी तबकडीच्या आत एक खोली उभी केली.

संगीताच्या रचनेबद्दल थोडं. फ्रान्सची बहुतेक लोकगीतं एकसुरी, म्हणजे एकाच चालीची असतात. सोबत दुसरा आवाज नसतो, असलाच तर अखंड गुंजणारा आधारस्वर असतो. पुष्कळ चाली चर्चच्या जुन्या स्वरपंक्तींमध्ये आहेत. त्यांतली डोरियन पंक्ती म्हणजे आपला काफी थाट: कोमल गंधार, कोमल निषाद, शुद्ध धैवत. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमावर वाढलेल्या कानाला ही तबकडी म्हणूनच परकी वाटत नाही. शब्द न कळताही चाल कुठे विसावणार ते कळतं. रॉकमध्ये मात्र कॉर्ड बदलत राहतात, पायाखालची जमीन सरकत राहते. जुन्या चालीखाली असे कॉर्ड घातले की ती गोड होते आणि तिची धार जाते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक फोक रॉक प्रयोगांत हे घडलं आहे. मालिकोर्ननं बराच वेळ आधारस्वर हलू दिला नाही. गिटारही पुष्कळदा गुंजणाऱ्या तारेचं काम करते. आवाजांची सुसंवादी मांडणी करताना त्यांनी मध्ययुगीन गायनातली पंचम-चतुर्थाची मोकळी, थंड अंतरं पसंत केली. सगळं मिसळून जे ऐकू येतं ते कुठल्याच शतकाचं नाही, पण त्यातला प्रत्येक धागा कुठून आला ते सांगता येतं.

आता गाण्यांकडे. पहिलं ‘साल्यू आ ला कोंपान्यी’, मंडळींना नमस्कार. दारोदार शुभेच्छा देत फिरणाऱ्यांच्या परंपरेतलं हे गाणं तबकडीच्या तोंडाशी ठेवण्यात औचित्य आहे. गायक ऐकणाऱ्याच्या दारात येऊन उभे राहतात. ‘काँ जेते फिय् आ मारिये’ हे लग्नाआधीचे दिवस आठवणाऱ्या बाईचं गाणं. सासरचा जाच सांगणाऱ्या बायकांच्या गीतांचं फ्रेंचमध्ये एक मोठं कुळच आहे, आणि ओव्या ऐकलेल्या वाचकाला त्याचा सूर लगेच ओळखू येईल. ‘ले त्रान्सफोर्मासियों’मध्ये मुलगी प्रियकराला टाळण्यासाठी एकामागून एक रूपं घेते आणि तो दर वेळी तिला गाठणारं रूप घेतो. ही कल्पना युरोपभर पसरलेली आहे. प्रोव्हाँसच्या मिस्त्राल या कवीनं १८५९ मधल्या आपल्या ‘मिरेयो’ या काव्यात तिचाच उपयोग केला. पहिल्यांदा ऐकताना हा खेळ वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना त्यातला पाठलाग जाणवतो आणि अंगावर येतो. ‘लेकोलिए आसासँ’ ही एका विद्यार्थ्याच्या हातून झालेल्या खुनाची कहाणी. सण आणि नाच यांच्या शेजारी ती निःसंकोच बसते, कारण गावाच्या वर्षातही ती तशीच बसत होती. ‘व्हुआसी ला सँ-जाँ’ ऐकताना वर सांगितलेली जूनमधली ताटातूट मनात असू द्यावी.

सर्वांत जास्त वेळ मात्र ‘ले त्रिस्त नोस’ला द्यावा. तबकडीचा गाभा मी या गाण्यात मानतो. एका मुलाचं एका मुलीवर कित्येक वर्षांचं प्रेम आहे. घरचे त्याचं लग्न दुसरीशी ठरवतात. तो स्वतः प्रेयसीच्या दारी जातो आणि आपल्याच लग्नाचं आमंत्रण देतो. नवरी तुझ्याएवढी सुंदर नाही, पण तुझ्यापेक्षा श्रीमंत आहे, असं या कथेच्या काही पाठांत तो सांगतो. ती रडत नाही, भांडत नाही. ती तीन उंची पोशाख शिवून घेते आणि लग्नाला जाते. लोकांना वाटतं, नवरी हीच. तो तिला नाचायला बोलावतो. नाचता-नाचता ती कोसळते आणि मरते, आणि तिच्या शेजारी तोही.

या कथेत कुणाच्याही मनात काय चाललं आहे हे सांगितलेलं नाही. आमंत्रण द्यायला तो स्वतः का गेला? तिनं एवढे पोशाख का शिवले? गीत फक्त कृती सांगतं. दार उघडलं, कापड मापलं, हात धरला. पैशांसाठी मोडलेल्या प्रेमाचा सगळा राग ‘श्रीमंत’ या एका शब्दात मावतो. हे काव्य फार वरच्या दर्जाचं आहे. कुणा एका कवीचं नसून कित्येक पिढ्यांच्या गळ्यांतून घासून निघालेलं असल्यामुळेच त्यात फालतू शब्द उरला नसावा.

असं गीत रॉकच्या काळात गायचं कसं? चाल एकच, धृपद नाही, आणि तीन मिनिटांच्या गाण्यांना सरावलेला श्रोता. याच ठिकाणी प्रोग्रेसिव्ह रॉक कामी आला. त्या चळवळीनं श्रोत्याला लांब रचनांची सवय लावली होती. एक तबकडी म्हणजे एक सलग कृती, ती बसून ऐकायची, सोबतची पानं वाचायची, ही शिस्त तिनंच रुजवली. फ्रान्समध्ये ‘आँज’, ‘माग्मा’ यांसारख्या संचांनी तो श्रोता तयार केला होता. मालिकोर्ननं चाल बदलली नाही. बदलतात ती भोवतालची माणसं आणि वाद्यं. एकटा आवाज येतो, कडवी जातात तसा त्याला दुसरा मिळतो, कुठे तारा थांबतात, कुठे सगळे गळे एकदम उघडतात. गायक मात्र भावनेला हात घालत नाहीत. याकूब आणि मारी दोघेही कथा सांगणाऱ्याच्या अंतरावर उभे राहतात. मरणाच्या कडव्याला आवाज कापत नाही. खेड्यातल्या जुन्या गायिका अशाच गात, आणि कागदावरून न येणारी ही एक गोष्ट या दोघांनी जिवंत गाणाऱ्यांकडून उचलली असावी असं मला वाटतं.

‘आल्माना’नंतर बास वाजवणारा ओलिव्हिए झ्द्रझालिक आला आणि १९७७ मध्ये चौथी तबकडी निघाली. १९७८ मध्ये त्यांनी आदेलार रूसो नावाच्या काल्पनिक सुताराची कहाणी एका संपूर्ण तबकडीत मांडली. हा सुतार ‘कोंपान्यों’ म्हणजे फिरत्या कारागिरांच्या जुन्या संघातला, गावोगाव काम शिकत देशाला प्रदक्षिणा घालणारा. त्याला दिलेलं टोपणनाव आहे ‘निव्हेर्ने, हृदयांची किल्ली’. प्रांताचं नाव आणि पुढे एखादा गुण अशी नावं घेण्याची त्या संघांची खरोखरची चाल. ‘आल्माना’नं गाण्यांना दिवस दिले होते, या तबकडीनं त्यांना एका माणसाची वाट दिली. रचनेच्या दृष्टीनं अनेक जाणकार तिलाच वरचढ मानतात. मला ती जास्त कुशल वाटते आणि ‘आल्माना’ जास्त खरी. १९८० नंतर संच हळूहळू स्वरचित गाण्यांकडे आणि कृत्रिम वाद्यनादाकडे वळला. १९८६च्या अखेरच्या स्टुडिओ-तबकडीचा या पुस्तकाशी फारसा संबंध नाही. २०१० मध्ये ही मंडळी ला रोशेलच्या महोत्सवात पुन्हा एकत्र आली आणि पुढची काही वर्षं गावोगाव गायली. गाब्रिएल याकूब जानेवारी २०२५ मध्ये गेला.

त्याच्या १९७८च्या एकट्याच्या तबकडीचं नाव होतं ‘त्राद. आर.’. तबकडीच्या मागे कवी-संगीतकाराच्या जागी छापतात ती ही खूण: पारंपरिक, रचना अमुकची. कायद्याच्या दृष्टीनं मूळ गाणं कुणाचंच नसतं आणि रचनेचे हक्क मात्र रचनाकाराला मिळतात. ही सोय आहे आणि ती वादग्रस्तही आहे, कारण ज्या बाईनं संग्राहकाला गाणं सांगितलं तिचं नाव त्या ओळीत कुठेच नसतं. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव ओवीसोबत टिपलेलं आहे. याबाबतीत पुण्यात झालेलं काम फ्रान्समधल्या अनेक जुन्या संग्रहांपेक्षा पुढे गेलं. पुढच्या पानांत प्रत्येक गाण्याबरोबर त्याचा प्रांत आणि ते टिपणाऱ्याचं नाव जिथे ठाऊक आहे तिथे दिलं आहे, ते याच कारणानं.

ऐकण्याविषयी एकच विनंती आहे. आजच्या साधनांवर गाण्यांचा क्रम आपोआप उलटसुलट होतो, तो होऊ देऊ नये. तबकडीच्या दोन बाजू होत्या, त्यामुळे मध्ये उठून ती उलटायला जेवढा वेळ लागे तेवढं थांबावं आणि मग दुसरी बाजू सुरू करावी. शब्दांसाठी आधी पुस्तक उघडू नये. एकदा नुसतं ऐकावं, आधारस्वर कुठल्या वाद्यातून येतो आहे आणि कुठे हळूच दुसऱ्या वाद्याकडे जातो आहे एवढंच पाहावं. दुसऱ्यांदा ऐकताना आशय समोर ठेवावा. ‘नोएल ए तारिव्हे’ या नाताळच्या गाण्यापर्यंत पोचल्यावर पुन्हा पहिल्या गाण्याकडे जावं, कारण नाताळनंतर आठवड्याभरातच नव्या वर्षाची टोळी गात दारात येत असे.